तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं : तान्ह्या बाळाची महाधमनी

गेल्या काही महिन्यांत खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातून आलेल्या पत्रांत एकाच आजाराबद्दल वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं होतं. हा आजार म्हणजे महाधमनी, म्हणजे हृदयातून सगळ्या अंगाला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी, जन्मतःच अरुंद असणं. डॉक्टर त्याला कोआर्क्टेशन म्हणतात. ती पत्रं इथे एकत्र घेतली आहेत. उत्तरं बालहृदयरोग आणि बालहृदयशस्त्रक्रिया या विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : नातू तालुक्याच्या दवाखान्यात जन्मला. वजन २ किलो ९०० ग्रॅम, जन्मल्या जन्मल्या रडला. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, पाचवी झाली. नवव्या दिवसापासून दूध ओढताना दमू लागला, कपाळावर घाम. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं बाळंतिणीच्या शेकाचा ताप. बेळगावला इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर कोआर्क्टेशन निघालं. पहिल्या दिवशीच कसं कळलं नाही? तपासण्यात कसूर झाली का? (नंदगड, ता. खानापूर)

कसूर झालीच असेल असं नाही. पोटात असताना बाळाच्या फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक आखूड नळी असते, तिला डक्टस म्हणतात. बहुतेक बाळांत जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती आकसून बंद होते, काहींत थोडी उशिरा. कोआर्क्टेशनची अरुंद जागा बहुतेक वेळा नेमकी या नळीसमोर, डाव्या हाताची धमनी फुटते त्याच्या लगेच खाली असते. नळी उघडी असेपर्यंत खालच्या अंगाला रक्त मिळत राहतं, त्यामुळे पहिल्या दिवशी पायाची नाडी लागू शकते. नळी आकसताना तिच्यातला पेशीजाल महाधमनीच्या भिंतीतही पसरलेला असेल तर तोही आवळतो. उसाच्या पाटात एका जागी दरड ढासळावी तसं होतं : वर पाणी तुंबतं, खालचं शेत कोरडं. हृदयाचा डावा कप्पा त्या दाबाविरुद्ध झटतो आणि थकतो. मूत्रपिंड, आतडी आणि पाय उपाशी राहतात. म्हणूनच ही बाळं पाचवी आणि बारशाच्या मधल्या दिवसांत ढासळतात, आणि घरचे शेकाला किंवा दृष्टीला बोल लावून एक दिवस घालवतात. तो एक दिवस फार महाग पडतो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने उजवा हात आणि एक पाय तपासतात. रक्तातला ऑक्सिजन दोन्हीकडे ९५ टक्के किंवा जास्त आणि फरक तीनपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. हृदयाच्या इतर अनेक दोषांत हा उपयोगी पडतो, कोआर्क्टेशन मात्र त्यातून बऱ्याचदा निसटतं, कारण पायापर्यंत पोचणारं रक्त थोडं असलं तरी ऑक्सिजन भरलेलं, लालच असू शकतं. खरी तपासणी बोटांची आहे. जांघेच्या घडीच्या मध्यावर तर्जनी हलकी ठेवायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने बाळाच्या उजव्या दंडाची नाडी धरायची. दंडाची ठणठणीत आणि जांघेची मंद किंवा उशिरा येत असेल तर पुढे जायचं. बाळ रडत असेल तर नाडी लागत नाही, त्याला अंगावर पाजून, शांत करून मग बघायचं. रक्तदाब उजव्या दंडात पायापेक्षा २० मिलिमीटरने जास्त असेल तर संशय पक्का होतो. पण एक फसवा प्रसंग लक्षात असू द्या : हृदय थकून बाळ धक्क्यात (शॉकमध्ये) गेलं की वरचा दाबही पडतो आणि फरक दिसेनासा होतो. तेव्हा चारही नाड्या मंद लागतात आणि अंगावर जाळीसारखे डाग उमटतात. सरळ जंतुसंसर्ग समजून फक्त अँटिबायोटिक सुरू होतं ते इथेच.

नुसते गार पाय पाहून घाबरू नका, डिसेंबर-जानेवारीत बेळगावात सगळ्याच बाळांचे पाय गार असतात. गार पायांबरोबर पुढच्यापैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा : शांत झोपेत श्वास मिनिटाला ६० च्या वर, दोन मिनिटं ओढून सोडून देणं, कपाळाला घाम, सहा-आठ तासांत लंगोट कोरडा. आशाताई प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. सातव्या आणि चौदाव्या दिवसाची भेट या आजारासाठी मोलाची. त्या दिवशी श्वास मोजून घ्या, वजन तायी कार्डावर (आई-बाळाच्या सरकारी कार्डावर) लिहून घ्या. डॉक्टरांकडे गेलात तर “जांघेतली नाडी बघता का?” असं मोकळेपणाने विचारा. कुणी रागवत नाही.

प्रश्न : निपाणीच्या दवाखान्यात बाळाला एक औषध पंपावर लावलं आणि ते स्थिर होईपर्यंत हलवायचं नाही म्हणाले. तीन तास गेले. आम्हाला वाटलं वेळ घालवताहेत. शिवाय त्या औषधाने श्वास थांबू शकतो असं कागदावर सही करताना सांगितलं. मग देतातच का? (निपाणी)

त्या तीन तासांनीच बहुधा बाळ वाचलं असेल. ते औषध प्रोस्टाग्लँडिन ई-१, दवाखान्यात अल्प्रोस्टाडिल म्हणतात. बंद होत आलेली डक्टस नळी ते पुन्हा सैल करतं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर हे वापरात आलं. त्याआधी अशा बाळांना मूत्रपिंड बंद पडलेलं, रक्त आंबट झालेलं असतानाच टेबलावर घ्यावं लागे. आता घाई नळी उघडण्याची, ऑपरेशनची नव्हे. नळी उघडली, लघवी सुरू झाली, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) उतरलं, की ऑपरेशन एक-दोन दिवसांनी दिवसाउजेडी ठरवून करता येतं.

लहान दवाखान्यांतले डॉक्टर आणि सिस्टरही हे सदर वाचतात, म्हणून हिशेबही देतो. ५०० मायक्रोग्रॅमचं एक अँप्यूल ५० मिलिलिटर डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलं की १ मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. बाळ ३ किलोचं असेल आणि डोस किलोला मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅम ठेवायचा असेल तर तासाला ९ मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपावर ०.९ मिलिलिटर. ढासळलेल्या बाळाला ०.०५ ते ०.१ ने सुरुवात, नळी उघडल्यावर ०.०१ ते ०.०२ पर्यंत खाली. इथे एक साधी चूक फार नडते. पंपापासून सुईपर्यंतची बारीक नळी आधी औषधाने भरून घेतलेली नसते. त्या नळीत एक मिलिलिटर मावत असेल तर ०.९ च्या वेगाने औषध शिरेत पोचायलाच तासाहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर “औषध लागू पडत नाही” म्हणून सगळे हवालदिल. नळी भरून घ्या, या औषधासाठी शीर स्वतंत्र ठेवा, त्यातून दुसरं इंजेक्शन ढकलू नका. अँप्यूल फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं असतं, बर्फाच्या कप्प्यात नाही.

श्वास थांबण्याचा धोका खरा आहे. दहांतल्या एखाद्या बाळाला होतो, दोन किलोखालच्यांना जास्त. म्हणून अँब्युलन्समध्ये पिशवी-मास्क (हाताने श्वास देण्याचं साधन) हाताशी आणि श्वासनलिकेत नळी घालणारा माणूस सोबत हवा, लांबच्या प्रवासात कधी आधीच नळी घालून नेतात. ताप आणि अंग लाल होणंही दिसतं. हे औषध रक्तात मिनिटांतच संपतं, तेव्हा पंपाची बॅटरी संपणं म्हणजे उपचार थांबणं. बेळगावहून बेंगळुरूचा पल्ला पाचशे किलोमीटरचा. चार्ज झालेला पंप, जादा भरलेली सिरिंज आणि दुसरी चालू शीर यांशिवाय कुणी निघू नये.

आणखी एक. काळजीपोटी ऑक्सिजन जोरात लावला जातो. जास्त ऑक्सिजनने डक्टस नळी आकसते, फुफ्फुसाकडे रक्त जास्त धावतं आणि पायाकडचं कमी होतं. गरजेपुरताच द्यायचा.

कोल्हापूर जवळ की बेळगाव, हे किलोमीटरवर ठरवू नका. तान्ह्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन कुठे होतं, आज तिथे खाट आहे का, आणि तिथले डॉक्टर तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले का, यावर ठरवा.

प्रश्न : ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात? कृत्रिम नळी घालतात का? छेद पाठीकडून का? (बेळगाव शहर)

अरुंद भाग हृदयाच्या मागे, मणक्याला लागून डावीकडे असतो. पुढून तिथे पोचणं अवघड, म्हणून बाळाला उजव्या कुशीवर वळवून डाव्या खांद्याच्या पात्याखाली छेद घेतात आणि तिसऱ्या किंवा चौथ्या फासळीच्या फटीतून आत जातात. डावं फुफ्फुस हळूच पुढे सारलं की महाधमनी समोर येते. हृदय चालूच असतं, साध्या प्रकारात हार्ट-लंग मशीन (हृदयाचं काम तात्पुरतं करणारं यंत्र) लागत नाही. रक्तदाबाची बारीक सुई उजव्या मनगटात असते. डाव्या हातात चालत नाही, कारण क्लॅम्प (महाधमनी दाबून धरणारा चिमटा) लावताना डाव्या हाताची धमनीही बंद होते.

डक्टस नळीला वळसा घालून स्वरयंत्राकडे जाणारी नस जाते. ती बाजूला ठेवून नळी बांधतात आणि तेव्हाच प्रोस्टाग्लँडिन बंद करतात. महाधमनी वर कमानीपर्यंत (ती हृदयातून वर येऊन वळते तो भाग) आणि खाली फासळ्यांच्या पहिल्या धमन्यांपर्यंत मोकळी करून घ्यावी लागते. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण ऑपरेशनचं यश इथेच ठरतं. पुरेशी मोकळी न केलेली महाधमनी टाक्यावर ताण देते, आणि ताणलेला टाका नंतर आकसतो. मग किलोला १०० युनिट हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), वर-खाली क्लॅम्प, आणि अरुंद भाग डक्टसच्या पेशीजालासकट कापून टाकायचा. हा पेशीजाल थोडा जरी मागे राहिला तर तो पुढे आवळत जातो. खालचं टोक तिरकं कापून, कमानीच्या खालच्या बाजूला लांब चीर देऊन दोन्ही जोडतात. समोरासमोर गोल टाका घालण्यापेक्षा असा लांब तिरका जोड मोठा राहतो. धागा ७-० प्रोलीनचा, म्हणजे अतिशय बारीक. ज्या महाधमनीला तो घालायचा तिची रुंदी सहा-सात मिलिमीटर आणि अरुंद जागेची कधी एक-दीड.

क्लॅम्प साधारण १५ ते २५ मिनिटं लागतो. तेवढा वेळ पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त कमी मिळतं, म्हणून बाळाचं तापमान मुद्दाम ३४-३५ अंशांपर्यंत उतरू देतात. हीटर लावलेला नाही, बाळ गार पडलंय, असं कुणी घाबरून सांगितलं तर ते याचसाठी. पाय लुळे पडण्याची गुंतागुंत हजारात चार-पाच इतकी दुर्मिळ आहे, तान्ह्या बाळांत त्याहूनही कमी. हे ऑपरेशन पहिल्यांदा १९४४ साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी केलं.

कृत्रिम नळी घालत नाहीत, कारण ती बाळाबरोबर वाढत नाही. पूर्वी पॅच (ठिगळ) लावत, त्या जागी पुढे धमनी फुगू लागली. डाव्या हाताची धमनी कापून तिचाच तुकडा वळवून लावायची पद्धत १९६६ पासून होती, आजही क्वचित करतात. त्या मुलांच्या डाव्या हाताची नाडी नीट लागत नाही आणि रक्तदाबही खोटा येतो. आमचा कल स्पष्टपणे लांब तिरक्या जोडाकडे आहे.

प्रश्न : आम्हाला मात्र छाती मधून उघडावी लागेल, मशीन लागेल म्हणतात. शेजारच्या गावात एकाचं बाजूने झालं. आमचं का नाही? (येळ्ळूर)

तुमच्या बाळाची कमानही अरुंद असणार किंवा सोबत हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र असणार. ढोबळ ठोकताळा असा : बाळाचं वजन किलोमध्ये घ्या, त्यात एक मिळवा. कमानीची रुंदी तेवढ्या मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती अरुंद. ३ किलोच्या बाळाची कमान ४ मिलिमीटरच्या खाली म्हणजे बाजूने फक्त खालचा भाग दुरुस्त करून भागत नाही, दाब वर तसाच राहतो. मधून उघडल्यावर संपूर्ण कमान मोठी करता येते, त्या वेळात मेंदूला वेगळ्या नळीने रक्त देतात, आणि छिद्रही बुजवता येतं. धोका जास्त आहे, आयसीयूतले दिवसही जास्त. पण कमान तशीच ठेवून सोपं ऑपरेशन करणं ही बचत नव्हे. कमान मधेच तुटलेली असेल तर बाळाचं कॅल्शियम आणि २२ व्या गुणसूत्राची तपासणी करून घ्या.

प्रश्न : फुगा घालून रुंद करता येत नाही का? (संकेश्वर)

तान्ह्या बाळात करता येतं, टिकत नाही. आवळणारा पेशीजाल जागेवरच राहतो आणि निम्म्याहून जास्त बाळांत जागा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा आकसते. बाळ ऑपरेशन सोसणार नाही इतकं खालावलं असेल तर वेळ काढण्यासाठी फुगा वापरतात. उलट ऑपरेशननंतर जोड पुन्हा अरुंद झाला तर फुगा हाच पहिला उपाय, तिथे तो चांगला चालतो. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) मूल साधारण २०-२५ किलोचं झाल्यावर.

प्रश्न : ऑपरेशन झालं, बाळ सुधारतंय. पण छातीच्या नळीतून पांढरट पाणी येतंय आणि रडण्याचा आवाज घोगरा आहे. दूध दोन दिवस का दिलं नाही? (अथणी)

दूध थांबवतात कारण आतड्यांना अचानक भरपूर दाबाचं रक्त मिळू लागतं आणि पोट फुगू शकतं. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तदाब उलट चढतो, त्यासाठी शिरेतून औषध चालू असतं. तोवर आईने दर तीन तासांनी दूध काढून ठेवावं, नाहीतर ते आटतं. पांढरट पाणी दूध सुरू केल्यावरच दिसू लागलं असेल तर चरबी वाहून नेणारी बारीक नलिका दुखावली आहे. बहुतेक वेळा खास कमी चरबीच्या दुधावर दोन ते सहा आठवड्यांत थांबतं. घोगरा आवाज त्या स्वरयंत्राच्या नसेचा. बहुधा काही महिन्यांत सुधारतो. पाजताना ठसका लागत असेल तर मात्र घशाची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने देऊ नका.

प्रश्न : घरी आणल्यावर न्हाऊ कधी घालायचं? मालीश, शेक, गुटी? सुईण रोज यायला तयार आहे. (एक आजी, जांबोटी)

आजी, सुईणीला सहा आठवडे थांबवा. आपल्याकडे बाळाला पायांवर पालथं घालून न्हाऊ घालतात, तेव्हा सगळा भार फासळ्यांवर येतो आणि जखम तिथेच आहे. टाके कोरडे झाले, डॉक्टरांनी हो म्हटलं, की उताणं धरून कोमट पाण्याने अंग धुवा, जखम टिपून कोरडी करा. चोळू नका. हातापायांना हलक्या हाताने तेल चालेल, जखमेवर आणि डाव्या बगलेखाली नको. डावा हात वर ओढून “व्यायाम” देऊ नका. बगलेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. कोळशाची शेगडी आणि धुरी तर नकोच, त्या फुफ्फुसाला धूर सोसणार नाही. गुटीही बंद, आणि मध वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला नको.

औषधाबाबत जास्त जपा. रक्तदाबासाठी बऱ्याचदा कॅप्टोप्रिल लिहून देतात आणि तान्ह्या बाळापुरती गोळी मिळत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर २५ मिलिग्रॅमची गोळी २५ मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची, म्हणजे १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. कागदावर लिहिलेला डोस सिरिंजने मोजून द्यायचा, उरलेलं ओतून टाकायचं, कारण हे औषध पाण्यात टिकत नाही. घरातल्या चमच्याने देऊ नका. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं आणि पाचपट डोस गेला तर बाळाचा रक्तदाब कोसळतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा.

वजन रोज २०-३० ग्रॅमने वाढायला हवं. अंगणवाडीच्या काट्यावर आठवड्याला एकदा, नेहमी त्याच काट्यावर. लसी वेळेवर द्या. रक्त चढवल्यावर गोवर-रुबेलासाठी सहा महिने अंतर ठेवतात, पण ती लस नवव्या महिन्यात असल्याने आपोआप अंतर पडतं.

प्रश्न : खर्चाचं कसं? रेशनकार्ड बीपीएल आहे, बाळाचं नाव त्यात नाही. (चिकोडी)

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात हृदयदोष येतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. तुमचं गाव त्यात आहे का आणि ते हॉस्पिटल त्या योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनिसाला) विचारा. रेशनकार्ड, आईबापांचं आधार, तायी कार्ड, जन्माचा दाखला आणि इकोचा कागद यांच्या पाच-पाच झेरॉक्स घेऊन जा. अर्ज कन्नडमध्ये असेल तर वाचून घेणारा माणूस सोबत न्या, नावाच्या स्पेलिंगवर मंजुरी अडते. बाळाचं नाव कार्डात नाही म्हणून घरी थांबू नका.

प्रश्न : मुलगी आता वर्षाची आहे, बरी आहे. पुढे काय जपायचं? दुसरं मूल होऊ द्यावं का? (खानापूर)

तान्हेपणी ऑपरेशन झालेल्यांत शंभरातल्या पाच ते पंधरा जणांचा जोड पुन्हा अरुंद होतो, बहुधा पहिल्या वर्षातच. तो टप्पा तुम्ही ओलांडलात. तरी वर्षातून एकदा इको, आणि रक्तदाब नेहमी उजव्या दंडात व एकदा पायात. पट्टा मुलीच्या दंडाच्या मापाचा हवा, मोठ्या माणसाचा लावला तर आकडा कमी येतो. जोड उत्तम असला तरी मोठेपणी रक्तदाब चढू शकतो, म्हणून ही तपासणी जन्मभर. निम्म्याहून जास्त जणांची महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते, तीही इकोत बघून घ्या. मुलगी असल्याने टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमधला एक्स गुणसूत्राचा दोष) गुणसूत्रांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. दहा-बारा वर्षांची झाली की एकदा एमआरआय. धावू द्या, खेळू द्या. दात किडू देऊ नका. ती मोठी होऊन गरोदर राहील तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांना आधी दाखवायचं, हे तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.

दुसरं मूल जरूर होऊ द्या. धोका सर्वसाधारण घरापेक्षा थोडा जास्त, शंभरात दोन ते चार. १८ ते २२ आठवड्यांत गर्भाच्या हृदयाचा इको करून घ्या. कोआर्क्टेशन तिथेही निसटू शकतं, म्हणून प्रसूती बालरोगतज्ज्ञ आणि एनआयसीयू (तान्ह्या बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या ठिकाणी ठेवा, आणि बाळाची जांघेतली नाडी घरी सोडताना व पुन्हा सातव्या दिवशी तपासून घ्या.